तीन पानं हसणारा खलनायक

आमच्या सुपरहिरो कॉमिकचा अंक निघाला एकच, पण किस्से दहा अंकांचे साठलेत. गोष्ट माझी, चित्रं व्यंकण्णांची. अण्णांचा सारा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला, आधी रंगखात्यात, मग डिझायनर म्हणून. अजूनही ते ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरतच चित्र काढतात.

हिरोचा केप काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "कापड कुठलं?"

"केपचं," मी म्हटलं.

"तसं न्हाय. सुती का रेशमी? सुती एवढं उडत न्हाय."

मी रेशमी म्हटलं. अण्णांनी केप असा उडवला, की पान हातात धरलं तर वारा लागावा. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

*

प्रेसवाले रफिकभाई खलनायकाची पानं बघायला चक्क हात धुऊन बसले. शहरावर पडलेली त्याची सावली बघून म्हणाले, "क्या हात है अण्णा का!" मग माझे संवाद वाचले. तीन पानं नुसतं 'हा हा हा'.

"तीन पन्ने हसताच है," रफिकभाई म्हणाले. "इसकू दुसरा काम नै क्या?"

*

शेवटचं पान राहिलं आणि अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "ह्याला सोलापूर का बुडवायचंय?"

"दुष्ट आहे म्हणून."

"दुष्ट तर आमचा सुपरवायझर बी हुता. त्यानं नुसती रजा कापली. कारण सांगा, मग काढतो."

माझी पंचाईत झाली. अख्ख्या ऑफिसला अंकाचं सांगून बसलो होतो. दोन दिवस डोकं खाजवून कारण आणलं: तो केमिकलच्या टाकीत पडला, म्हणून दुष्ट झाला.

अण्णा शांतपणे म्हणाले, "रंगाच्या हौदात मी बी पडलोय. हिरवा होऊन घरी गेलो. गाव न्हाय बुडवलं."

*

शेवटी मी हात टेकले. "तुम्हीच काढा काय ते," म्हटलं.

आठवड्यानं त्यांच्या घरी गेलो, तर पान तयार. हिरोनं खलनायकाचा मुखवटा ओढलाय, आत एक साधा, दमलेला माणूस. कोपरापर्यंत हिरवे हात.

संवादाचा फुगा मात्र रिकामा होता. तो दुष्ट का झाला, ते मी तिथं लिहायचं होतं. पेन उघडून बसलो, काही सुचेना.

अण्णांच्या पत्नी लक्ष्मीअक्का चहा घेऊन आल्या. पान उचलून नीट बघू लागल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "घरी आल्यावर ह्याच्या हातावर पाणी घालायला कुणी नव्हतं वाटतं."