सुया, केळी आणि एकच पेशंट

आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी सुई खुपसली नाही अशी एकही दुखरी कंबर वसईच्या आसपासच्या वाड्यांमध्ये शिल्लक नव्हती. आणीबाणी उठल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ते मुंबईला अ‍ॅक्युपंक्चरचा वर्ग करून आले आणि ब्रश धुवायच्या डब्यात सुया उकळू लागले. हात बसावा म्हणून वाडीतल्या एका केळीच्या खांबाला ते रोज पन्नास सुया टोचत. त्या वर्षी शेजारच्या केळींवर रोग पडला, हिला मात्र अकरा फण्यांचा घड आला. "बघितलंत? प्रतिकारशक्ती!" मास्तर म्हणाले. मोरीचं पाणी त्याच केळीला जातं असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. एकाच शाळेत शिकवत असूनही!

त्यांचं शास्त्र सोपं होतं. "सुई टोचली की शरीराला वाटतं, शत्रू आला. आतले शिपाई उठतात. उठलेच आहेत तर सर्दी-पडसंही हाकलतात." एकदा ते कानात सुई घेऊनच शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिले. हेडमास्तरांनी डोळे वटारले, तसे मास्तर शांतपणे म्हणाले, "अजून पाच मिनिटं व्हायचीत." पाचूबंदरची एक कोळीण मात्र स्पष्ट बोलली, "मास्तर, कमरंचं दुखनं गेलं, पन आता सुयांचं दुखतंय!" मास्तरांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं.

खरं तर त्यांना गाव नकोच होतं, एकच पेशंट हवा होता. त्यांची बायको, मास्तरीणबाई, म्हणजे चर्चच्या गायनमंडळाचा मुख्य आवाज. पण तीन वर्षं झाली, नाताळ जवळ आला की त्यांना सर्दी होई, गळा बसे आणि त्या मागच्या बाकावर रुमाल घेऊन गप्प बसत. त्यांचं ते गप्प बसणं मास्तरांना सोसवत नसे. त्याच्यासाठीच सगळी विद्या. बाई मात्र सुई पाहून पांढऱ्याफटक पडत. "तुमचं शास्त्र केळींपाशीच ठेवा," म्हणत.

चौथ्या वर्षी तालमी सुरू झाल्या आणि बाईंना पहिली शिंक आली. मी चहाला गेलो होतो. बाईंनी टेबलावर हात पसरला. "लावा एकदाची. मी डोळे मिटते."

मास्तरांनी सुई तीनदा उचलली, तीनदा खाली ठेवली. बाईंनी एक डोळा उघडला. "गावभर चालतो तो हात, इथेच काय झालं?"

"सुईची गरज नाही," मास्तर घाईने म्हणाले, "नुसतं दाबलं तरी चालतं." आणि त्यांनी बाईंच्या अंगठ्याजवळची जागा आपल्या अंगठ्याने दाबून धरली. मग रोज चहानंतर पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, हाच कार्यक्रम.

नाताळच्या सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाई गायल्या. मास्तर पहिल्या बाकावर बसून उघडउघड रडत होते. यात अंगठ्याचं श्रेय किती आणि नव्या मफलरचं किती, हे मी विचारलं नाही. पुन्हा अबोला नको होता.

बाई जाऊन आता चार वर्षं झाली. सुयांचा डबा परत ब्रशांकडे गेला आहे. परवा मी शिंकत त्यांच्या ओट्यावर चढलो, तर मास्तरांनी माझा हात ओढून घेतला आणि नेमकी ती जागा दाबली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मास्तर वाडीकडे बघत होते. माझी सर्दी तशीच होती, पण मी हात काढून घेतला नाही.