वसाहतीची दुसरी यादी

भूकंपानंतर लातूरच्या कडेला आमची वसाहत वाढत गेली. कुणी औशाकडून आलं, कुणी निलंग्याकडून. मोकळ्या जागेवर पत्रे ठोकून राहू लागलं. विहीर एकच, तीही उन्हाळ्याआधीच तळ गाठायची. नळ हवा असेल तर इथं किती लोक राहतात त्याची यादी द्या, असं कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं. मी नुकताच बी.ए. झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. माझ्या शिक्षणाला सगळ्या गल्लीचा हातभार लागला होता. यादी मीच केली.

दारोदार विचारलं, "घरात माणसं किती?" लोकांनी सांगितलं तेवढी लिहिली.

साहेब खात्री करायला आले. शेजारच्या मावशीच्या दारात थांबून म्हणाले, "सात लिहिलेत. कुठं आहेत?"

मावशी दोन लेकींना घेऊन उभी होती. "हाय न सात," म्हणाली, आणि नवरा, सासू, दोन ल्योक बोटांवर मोजून दाखवले. ते चौघंही भूकंपात गेलेले. पुढच्या तीन घरांतही तेच निघालं.

साहेबांनी कागद मिटला. "खरी यादी आणा. यावर मला सही करता येणार नाही."

चूक माझी होती. कुणाचं कोण गेलं ते मला ठाऊक होतं, तरी सांगितलं तसं लिहीत गेलो. आता गेलेल्यांना वगळा असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

वडील म्हणाले, "त्यांचं विचारूच नको. भाकरीचं विचार."

मी पुन्हा निघालो. "मावशी, आज किती जणांच्या भाकरी?"

"आमच्या तिघींच्या. अन् या पाच पोरांच्या."

मागची खोली तिनं मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या मुलांना दिली होती. अहमदपूर, देवणी, पार हदगावपासून आलेली ती मुलं तिच्याकडेच जेवायची.

"आठ झाले की! एक वाढलंच."

"वाढलं तर वाढलं. लिही."

अशी घरं आता गल्लीत बरीच होती. पण साहेब येणार सकाळी, आणि सकाळीच क्लास. मुलं थांबायला तयार होईनात. गैरहजेरी घरी कळते म्हणाली. मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जावा की. उद्यापासून आंघुळ बी तिथंच करा, फळ्याम्होरं."

मुलं थांबली.

साहेब एकेक डोकं मोजत निघाले. मावशीच्या दारात पाच जण पुस्तकं धरून उभे. "सगळे डॉक्टर होणार का?"

"न होऊन सांगतात कुणाला," मावशी म्हणाली. "माझ्या भाकरी खाल्ल्यात."

शेवटच्या दाराला आकडा जुळला. साहेबांनी पेन काढलं, पण कागद टेकवायला काही दिसेना. मी वळलो आणि पाठ वाकवली.