तारामतीनं पसंत केलेलं घड्याळ

तारामतीची बैठकीची खोली शिरपुरात नावाजलेली होती. कारंज्याची ही मॅट्रिक झालेली मुलगी ज्ञानचंद कापडवाल्याच्या घरात आली, तेव्हा त्या खोलीत कापडाचे गठ्ठे पडलेले असायचे. तिनं ते हलवले, भिंतींना फिकट पिस्ता रंग लावून घेतला, स्वतः विणलेले रुमाल खुर्च्यांवर टाकले. जुन्या वस्तूनं घराला भारदस्तपणा येतो, असं तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि ते तिला मनापासून पटलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी ती अकोल्याला गेली ती भिंतीवरच्या घड्याळासाठीच. जुन्या सामानाच्या दुकानात दोन तिच्यापुढं आली. एक चौकोनी, साधंसुधं, वेळेला चोख. दुसरं सागवानी, वर कोरलेली वेलबुट्टी, काचेमागं पितळी लंबक, आणि टोले असे गोड की गिऱ्हाइकं वळून पाहत.

"बाई, हे दिवसाले पाव घंटा मागं पडते," दुकानदारानं आपणहून सांगितलं. "रोज काटा पुढं घ्या लागन. वेळ पाह्याची असन तर ते चौकोनी न्या."

"मले भिंत सजवाची हाय," तारामती हसली. कपाटाच्या पॉलिशशी त्या सागवानाचा रंग हुबेहूब जुळत होता.

घरी ज्ञानचंदनं विचारलंच, "निस्ती शोभेची हाय का चालते बी?"

"मिनिटाचा फरक नाही," ती म्हणून गेली. नवऱ्यानं चेष्टा करू नये, एवढंच मनात होतं. बैठकीतलं आधीचं गोल घड्याळ दुसऱ्याच दिवशी कापडाच्या दुकानात गेलं.

पण घरात घड्याळावर खरं विसंबून असायचं ते एकच माणूस. तिची सासू, हीराबाई. मोतीबिंदूमुळं तिला उजेड-अंधार धड कळत नसे, आणि दिवस मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही हा तर तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. थंडीच्या दिवसांत तारामती ताट लवकर वाढून मधल्या खोलीत झाकून ठेवी. पाचाचे टोले पडले की हीराबाई हात धुऊन बसे.

तारामतीला याची जाणीव नव्हती असं नाही. रोज दुपारी सासू लवंडली की ती स्टुलावर चढायची आणि रेडिओच्या बातम्यांवर काटा गुपचूप पुढं घ्यायची.

मार्गशीर्षात गावातल्या जैन देवळाच्या दर्शनाला नात्यातले पाहुणे आले. घर भरलं. जो तो घड्याळाखाली थांबून मान वर करी. कौतुक ऐकत चहा गाळता गाळता काटा एकदा राहिला, मग पुन्हा राहिला, आणि पुढं ध्यानातूनच गेला.

पाहुण्यांना बसमध्ये बसवून ती परत आली, त्या संध्याकाळी शेजारची सुंदरबाई विरजण मागायला आत शिरत होती.

"अव माय! हीराबाई, दिवे लागले न तुमी जेवून राह्यल्या?"

"काहीच्या बाही नोको बोलू. आत्ताच तर पाच पडले."

"कायचे पाच! भायेर चांदन्या निंघाल्या, बाप्पा!"

हीराबाईचा हात ताटातच थांबला. तोंडातला घास तिनं पदरात काढला. चूळसुद्धा भरली नाही.

"तारामती, घडी मागं पडते का वो?"

"आजच काही बिघडलं असन, आत्याबाई," तारामती दारातूनच म्हणाली.

दुसरा दिवस हीराबाईनं निर्जळी काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी उपास सोडायला मुगाचं पाणी घेऊन तारामती आली, तर सुंदरबाई आणखी दोघींना घेऊन बसलेली.

"सुनेले कायचा बोल लावता?" हीराबाई सांगत होती. "माह्या डोयांपायी पोरीनं टोल्यांची घडी हुडकून आनली अकोल्याहून. कोन करते येवढं?"

"नशीब काढलं तुमी. आमची सून मले घडी राह्यली, भाकर बी वेळेवर दाखवत नाही!" त्यातली एक म्हणाली.

सगळ्या हसल्या. तारामतीनं पेला सासूपुढं टेकवला.

"आत्याबाई, मले पयल्यापासून माहीत होतं. दुकानदारानं सांगतलं होतं. मी रोज काटा सरकवत होती. पाहुने आले आन् राह्यलं."

हसणं थांबलं. हीराबाईनं एवढंच विचारलं, "किती दिवस राह्यलं?"

तारामती आठवू लागली. घड्याळाबद्दल कोण काय म्हणालं ते शब्दन् शब्द आठवत होतं. काटा शेवटी कधी सरकवला, तेवढं आठवेना.

"सांगता येत नाही."

हीराबाईनं पेला चाचपला आणि बाजूला सारला. "मंग घडी घरात आली तवापासूनचे सारेच दिवस धरू. तेवढे दिवस एकच वेळ जेवीन."

"मी बी करतो तुमच्यासंगं."

"तू कायले? नेम माहा होता." आवाजात राग नव्हता. असता तर तारामतीला बरं वाटलं असतं.

ते एकवेळचं जेवण पुरं व्हायला पौष संपला. सागवानी घड्याळाला कुणी चावी दिली नाही. येणारे जाणारे त्याची वाखाणणी करत, आणि तारामती त्यांना पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जाई. आता ती स्वतः ऊन असतानाच गरम ताट घेऊन सासूपुढं जायची.

"जेवून घ्या आत्याबाई, दिवस हाय अजून."

"हो बाई," हीराबाई म्हणायची. मग शेजारच्या भिंतीकडं तोंड करून हाक द्यायची, "सुंदरबाई वो, दिवस हाये ना?"

पलीकडून उत्तर येईपर्यंत तारामती ताट हातात धरून उभी राहायची.