धाकट्या जावेचा हेवा

चांगुणाला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं. बेबी सातवी शिकून शेगावाकडून या घरात आली होती. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय टाकत नसे. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची. चांगुणा या घरात आली तेव्हा वर्षभर तिला नवऱ्याचं तोंडही धड पाहता आलं नव्हतं. जानेफळच्या बौद्ध वस्तीत दोघी एकाच चुलीवर भाकरी थापत, पण थोरलीच्या पोटात कायम धुमसत असे.

एकोणीसशे त्रेसष्ट साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, बेबी एकदा भरदुपारीच रानातून परतली. पोलक्याची बाही फाटलेली, बांगड्या फुटलेल्या. ओसरीवर सासू आणि दोघे भाऊ, शंकरराव आणि दयाराम, बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. इंद्रभाननं कडब्याच्या गंजीमागं गाठून तिच्यावर जबरदस्ती केली होती.

इंद्रभान म्हणजे वस्तीचा पंच, कर्ता माणूस. विहाराचे पत्रे त्यानंच आणले होते. मेहकरच्या कचेरीत कुणाचं काम अडलं की तोच पुढे व्हायचा. सासू म्हणाली, हे इथंच गाडा. गाव आधीच आपल्याला नावं ठेवतं, त्यात आपलाच माणूस आपण उघडा पाडायचा का? चांगुणाचा नवरा शंकरराव मान खाली घालून बसला. दयाराम मात्र उठून बायकोजवळ गेला.

"तुले लागलं तं नाही ना?" त्यानं विचारलं.

चुलीपाशी बसलेल्या चांगुणाच्या काळजाला ते शब्द चटका देऊन गेले. अठरा वर्षांपूर्वी, ती नवी सून असताना, त्याच इंद्रभाननं तिचीही हीच गत केली होती. तिनं सासूला सांगितलं होतं. सासूनं न्हाणीत ऊन पाणी काढून दिलं, आंग धू म्हणाली आणि तोंड बंद ठेवायला बजावलं. तेव्हापासून इंद्रभान घरी आला की त्याच्यापुढं चहाची बशी चांगुणाच ठेवत आली होती.

तिला बेबीची कीव यायला हवी होती. आला तो हेवा. हिच्यासाठी नवरा उभा राहतो, त्यानं वस्तीला सांगितलं म्हणून हिच्यासाठी रविवारी विहारात बैठक बसायची ठरते, मग माझं काय झालं होतं? दोन दिवस तिला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी विषय काढला तेव्हा ती बोलून गेली, की बेबी तरी कुठं साधी आहे, त्याच्याशी हसून बोलताना आपण पाहिलंय. असं काही तिनं पाहिलं नव्हतं. घागर भरून निघताना तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची घरी पोचेस्तोवर शिसारी आली.

रविवारी बैठकीत ते वाक्य तिच्या आधीच पोचलं होतं. इंद्रभान शांतपणे म्हणाला, पोरीची खुद्द जाऊच काय सांगते ते विचारा. सगळ्यांच्या माना चांगुणाकडं वळल्या. बेबीनंही पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती थकलेली दिसत होती.

चांगुणा उठली. खांबापाशी येऊन उभी राहिली.

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. "बेबी हसली नाही. अन् मीबी हसली नव्हती. ह्या माणसानं मले नासवलं त्याले अठरा वर्सं झाले."

मग मागं बसलेली एक म्हातारी पदरात तोंड घालून रडू लागली. ती का रडते हे कुणी तिला विचारलं नाही, पण बऱ्याच बायकांना ते कळलं.

इंद्रभानचं पंचपण त्याच दिवशी गेलं. दयारामनं बेबीला घेऊन मेहकरला फिर्याद दिली. खटला दोन वर्षं चालला आणि पुराव्याअभावी इंद्रभान सुटला. पण वस्तीत त्याला कुणी दारात उभं करीना, तेव्हा तो नांदुऱ्याला निघून गेला. चांगुणाची तक्रार जुनी म्हणून कुणी लिहूनच घेतली नाही. बेबीची निदान लिहून तरी घेतली, याचाही तिला हेवा वाटला.

बैठकीहून परतल्यावर शंकररावानं एवढंच विचारलं, "तवा काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या मायले."

तो आईशी पंधरा दिवस बोलला नाही. चांगुणाशी काय बोलावं हे त्याला पुढंही नीटसं कळलं नाही. एवढंच झालं, की इंद्रभानच्या नात्यातलं कुणी आलं तर तो तिला चुलीपासून उठवायचा आणि स्वतः पाणी द्यायचा.

बेबीनं महिनाभर अबोला धरला. मग एकदा परसात तुरीच्या शेंगा सोलताना तिनं सरळ विचारलं, "बाई, तुमी तसं काऊन म्हणलं हो?"

"मले तुहा हेवा वाटला."

"माहा हेवा? माह्यावर काय बितलं ते पाहूनबी?"

"दयारामनं तुले पहिले इचारलं, लागलं तं नाही ना. मले कोनी इचारलंच नाही."

बेबीनं हातातली शेंग खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमाले लय लागलं होतं काय?"

चांगुणानं हो म्हटलं. आणि मग, अठरा वर्षांत पहिल्यांदा, कुठं कुठं लागलं होतं ते तिनं सांगितलं. सांगायला संध्याकाळ झाली. शेंगा तशाच राहिल्या, आणि सासूनं त्याबद्दल काही म्हटलं नाही.