पाठमोरं उड्डाण

डोंबिवलीतल्या माझ्या शेजाऱ्यांनी जुन्या मिग लढाऊ विमानाची उडणारी प्रतिकृती कित्येक वर्षं खपून बनवली. घरात कोणी पंखा लावला तरी ते "रंग ओला आहे!" म्हणून ओरडत. खडवलीच्या माळावर पहिल्या उड्डाणाला मात्र त्यांनी रिमोट बायकोकडे दिला आणि विमानाकडे पाठ करून उभे राहिले.

"पडलं तर मला बघवणार नाही. तुम्ही सांगत राहा," ते मला म्हणाले.

"उडालं."

"चाकं आत गेली?"

"गेली. डावीकडे वळतंय."

"कोणाच्या डावीकडे?"

"अहो, गप्प बसा!" वहिनी म्हणाल्या.

विमान अलगद उतरलं. वहिनींनी ते चालवत त्यांच्या पायांशी आणलं. शेजाऱ्यांनी वाकून पंख, चाकं, नाक तपासलं.

"अगं, पुन्हा उडव. मी बघितलंच नाही," ते म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.