माझ्या बोटांना जमेल असं रिव्हॉल्व्हर

जानेवारी १९५६. गिरगावातल्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी दाराच्या बोल्टला तेल घालत होते. संधिवाताने सुजलेल्या बोटांनी तो सरकवता येत नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाल्यापासून दारावर थाप पडली की मी आधी खिडकीच्या फटीतून बघायचे. यजमान फिरतीवर, आणि मुलगी कचेरीतून येईपर्यंत मी एकटी.

"वहिनी, एखादं लहानसं रिव्हॉल्व्हर घ्या. आधी हाताला काय जमतंय ते बघू, परवान्याचं मग," म्हणत धाकटे दीर मला फोर्टातल्या दुकानात घेऊन गेले.

सगळ्यात लहान होतं त्याची मूठ माझ्या हातात बसेना, आणि चाप तर दोन बोटांनीही दबेना. जरा मोठं घेतलं, त्याचा चाप सहज दबला. पण बोटाचा सुजलेला सांधा चापाभोवतीच्या कडीत अडकून बसला. दुकानदाराने तेल लावून तो सोडवला.

"बांगड्या भरतानासुद्धा एवढं तेल लागत नाही, वहिनी!" दीर हसले.

मी रिव्हॉल्व्हर दुकानदाराकडे परत सरकवलं. उद्या अश्रुधुरातून पळत आलेली माझीच मुलगी दार ठोठावत असली, आणि तिचा आवाज ओळखूनही बोट चापावरून निघालं नाही तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतार बोलावला आणि कोपराने सरकवता येईल असा जाड अडसर दाराला बसवून घेतला.