निळ्या अंड्याचा कोंबडा

अंडं निळंही असतं, आणि ते मी तुम्हाला माझ्या अंगणात दाखवीन, असं मी भजनाला जमलेल्या माणसांसमोर बोललो आणि अडकलो. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण एकदा बोललेलं परत गिळायची सवय मला नाही.

अंडी आणली भाच्यानं. तो गोव्यात एका बंगल्याची राखण करतो. तिथल्या मालकाला तऱ्हेतऱ्हेच्या कोंबड्यांचा नाद. भाचा गणपतीला आला तेव्हा डब्यात भाताचा कोंडा भरून त्यात सहा अंडी खोचून आला. भिंतीच्या चुन्यात नीळ जरा जास्त पडली की जसा दिसतो तसा रंग. मी थुंकी लावून घासलं, रंग जाईना. आमची काळी कोंबडी तेव्हा खुडूक बसली होती, तिच्याखाली रवणीला, म्हणजे उबवायला, घातली. आभाळ गडगडलं तर रवणीतली अंडी बिघडतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवला.

पिल्लं दोनच निघाली. एक घारीनं उचललं, उरला तो कोंबडा. टरफलं मी वाडीला दाखवायला ठेवणार होतो, तोवर बायकोनं ती कुटून कोंबड्यांना घातली.

"चुनो मिळता त्यांका," ती म्हणाली.

"अगो, तो माझो पुरावो होतो!"

"मगे पुराव्याक सांगा, अंडा घाल म्हणान."

तेच तर होतं. कोंबडा काही अंडं घालत नाही. रंग बापाकडून लेकीत उतरतो, असं भाच्यानं सांगितलेलं. याच्या लेकी अंड्यावर आल्या की कळणार, तोवर गप्प बसायचं. ते न जमून मी भजनात बोलून बसलो. कोंबडा दिसायला मात्र ऐटदार. राखी अंग, गालांवर मिशांसारखी पिसं, पाय शेवाळी. वाडीनं त्याला सायब नाव ठेवलं.

आमचा घरचा एक लाल कोंबडा होता. तो अंगणात असेपर्यंत पिल्लं कोणाची हे कोण सांगणार? म्हणून जावई आले तेव्हा मी तो कापला. वड्यांचं पीठ मळता मळता बायको म्हणाली, "राखणीक काय देतलात?"

ही राखण सांगायला हवी. भात घरात आलं की आमच्या वाडीत राखणदाराला, वाडी राखणाऱ्या देवाला, कोंबडे देतात. आंब्याखाली त्याचा पाषाण आहे. घरटी एक कोंबडा, तोही घरी वाढवलेला. दिवसभर तिथंच शिजवायचं, तिथंच जेवायचं. बाजारातला चालत नाही. हा नियम जुनाच, पण अलीकडे सैल पडला होता, तो मी घट्ट केला. मागल्या राखणीला माझा चुलतभाऊ बाजारातून आणलेला कोंबडा घेऊन आला, तर मी त्याला सगळ्यांदेखत परत पाठवला. कोंबडा काखेत मारून तो घरी गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आमच्या दोन घरांमध्ये गडगा आहे, चिऱ्याचा, कमरेएवढा. तेवढ्यावरून एकमेकांचं तोंड दिसतं, पण आम्ही बघत नसू.

मी बायकोला म्हटलं, राखणीपर्यंत सायबाची पोरं मोठी होतील. ती झाली नाहीत. नर पिल्लं एकेक करून मुंगसानं नेली. वाचल्या त्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. राखण तोंडावर आली आणि माझ्या अंगणात कोंबडा एकच.

त्यात सायबाला गडग्यापलीकडची चटक लागलेली. सकाळी खुराडं उघडलं की हा थेट गडग्यावर, तिथून चुलतभावाच्या परड्यात. चुलतभाऊ ओरडायचा, पण माझं नाव न घेता, माडाकडे बघून.

"सायबाक सांगा कोणीतरी! हय त्याची सासुरवाडी नाय म्हणान!"

मग त्यानं गडग्यावर काटे रचले. सायब काट्यांवरून उडायला शिकला.

राखणीच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "शेजारच्या वाडीतसून एक कोंबो हाडूया. कोणाक कळतला?"

"माका कळतला."

"मगे सायबाक द्या आणि गप रवा."

दोन्ही तलंगांच्या तुऱ्यांवर लाली चढली होती, त्या आडोसा शोधत फिरत होत्या. आज घालतील, उद्या घालतील, असं चाललेलं. एक निळं अंडं पडलं असतं तर सायब खरा ठरला असता, आणि लेकीच्या अंगात त्याचं रक्त आहे म्हटल्यावर त्याला द्यायला माझा हात अडखळला नसता. पण न बघताच दिला आणि मग लेकींनी नुसती तांबडी अंडी घातली, तर? सगळंच बुडालं. भाच्याच्या मालकानं त्या कोंबड्या केव्हाच विकून टाकलेल्या, दुसरी अंडी मिळायची नव्हती. मी दोघींच्या पोटाखाली हात घालून चाचपलं. काही नाही.

सकाळी सायबाच्या पायाला सुंभ बांधून मी आंब्याखाली गेलो. सगळ्यांचे कोंबडे आले होते. चुलतभावाचाही, घरचा, तांबडा, चांगला भरलेला. तो माझ्याकडे नाही, सायबाकडे बघून बोलला.

"इलो रे इलो, सायब इलो! निळ्या अंड्याचो आज तरी देवाक जातलो मा?"

माणसं हसली. मी गुरवापाशी गेलो. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण राखणदारापुढे बोलायचा मान त्याचा.

"गाऱ्हाणा घाल," मी म्हटलं. "ह्येच्या लेकी अंड्यावर येयसर ह्येका ऱ्हवांदे. मगे मी स्वताच्या हातान हाडून देतंय. आज नारळ घे."

चुलतभाऊ उठून उभा राहिला.

"माझो कोंबो तुका चललो नाय. आणि आता तू देवाकच थांबयतंस?"

"मी इचारतंय. थांबयणा नाय."

"इचार मगे. आमीव आयकतंव."

गुरव म्हणाला, "काका, कौल लावतंय. पण काय पडात ता पडात. मगे वाद नको."

मी मान हलवली. बागायतीच्या वादात तालुक्याच्या कोर्टात मी मागे उभा राहिलो होतो, इथं पाषाणापर्यंत पुढे सरकलो. गुरवानं पाषाणाला पाणी घातलं आणि दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर माझं मान्य, डावी पडली तर कोंबडा आजच.

"बा राखणदारा म्हाराजा," गुरवानं सुरू केलं.

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"तुझो ह्यो लेकरू आज अडचणीत इलो आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

त्यात चुलतभावाचाही आवाज होता. मी फक्त उजव्या पाकळीकडे बघत होतो. ती खालून सुटली, वर चिकटून राहिली. वाऱ्याची झुळूक आली आणि ती हलली. माझ्या तोंडून 'पड' असं निघालं असावं, कारण शेजारच्यानं माझा दंड धरला. तेवढ्यात सायब आरवला. कोणी हसलं नाही. सगळे पाषाणाकडे बघत होते.

डावी पडली.

उजवी तिथंच लोंबत राहिली, आणि गुरव माझ्या तोंडाकडे बघू लागला. मी सुंभ सोडलं. ज्याचा कोंबडा त्यानं कापताना पाय धरायचे, अशी रीत आहे. मी धरले. अंग गरम होतं, आणि मिशा माझ्या मनगटाला लागत होत्या. दुपारी पानात सगळ्या कोंबड्यांची मिळून केलेली सागोती वाढली तेव्हा मी जेवलो. देवाचं होतं, टाकता येत नाही. कोणता तुकडा कोणाचा ते कळायला मार्ग नव्हता. बरंच झालं.

मग तलंगा अंड्यावर आल्या. पहिलीचं अंडं तांबूस. दुसरीचं त्याहून फिकट, मी ते उन्हात धरलं, सावलीत धरलं, पाण्यात बुडवलं, पण ते साधंच. भजनाला गेलो तर पेटी वाजवणारा म्हणाला, "आबानू, निळीचा काय झाला?" मी म्हटलं, "सूर धर." त्यानंतर भजनाला जायचं मी सोडलं. भाच्याचा फोन आला तर बायकोकडे देऊ लागलो. वाडीत सगळ्यांना वाटत होतं की म्हाताऱ्यानं थाप मारली, आणि मलाच आता वाटायला लागलं की बापात रंग नव्हताच.

एक दिवस दुपारी गडग्यावरून चुलतभावाच्या बायकोची हाक आली.

"गो वयनी! जरा हय ये गो. आमच्या तलंगेक काय झाला बघ. असली अंडी घालता. चार तर आमी पोळो करून खाल्लव. आता माका भय वाटता, कोंबडी आजारी आसा काय गो?"

मी माजघरातून उठलो तो बायकोच्या आधी गडग्यावर. तिच्या तळहातावर अंडं होतं. निळं. जरासं हिरव्याकडे झुकलेलं, पण निळं. आणि तिच्या पायाशी दाणे टिपणाऱ्या तलंगेच्या गालांवर मिशा होत्या. माझ्या दोघींत न उतरलेला रंग हिच्यात उतरला होता. मागे एक राखी कोंबडा उभा, सायबाच्याच तोंडावळ्याचा. काट्यांवरून उडून गेलेला माझा कोंबडा तिकडे सगळं करून आला होता, आणि मी तिकडे बघतच नव्हतो.

चुलतभाऊ ओट्यावर बसून बघत होता.

"त्या कोंब्याक बघू नको," तो म्हणाला. सरळ मला. राखण सोडली तर किती दिवसांनी. "तो फुडल्या राखणीक ठेवलेलो आसा. घरचोच होयो मा?"

नियम माझाच.

"कोंबो नको," मी म्हटलं. "माझी काळी खुडूक आसा. रवणीक अंडी दी."

"आयकूक येना नाय. गडग्याआडसून काय मागतंस? भिकारी पण दारात येता."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पंचा खांद्यावर टाकला, आमचं बेडं, म्हणजे फाटक, उघडून बाहेर पडलो, पाणंदीनं वळसा घातला आणि त्याच्या दारातून आत गेलो. ओट्यापाशी उभा राहून परत मागितलं, सगळे शब्द, आवाज न उतरवता. तो उठला नाही. बायकोला म्हणाला, "खुर्ची घाल तेका. आणि आज पोळो करू नको."

अंडी साठेपर्यंत मी रोज जात होतो. पंच्यात गुंडाळून आणलेली ती सगळी आता काळीच्या पोटाखाली आहेत, खिळ्यासकट. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. पेटीवालाही आला, बोटानं घासून गेला. पिल्लांत एक नर निघाला पाहिजे, आणि तो मुंगसाला चुकवून पुढच्या राखणीआधी मोठा झाला पाहिजे. आभाळ आज सकाळपासून गडगडतंय. मी टोपलीत अजून एक खिळा टाकलाय.